गाडी सेल्फ घेत नाही? आधी कान द्या, मग पैसे

आपल्या शहरात मोटारसायकल ही चैन नाही, रोजीरोटी आहे. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आज पहाटेच्या शिफ्टला शहरातून तिकडे निघणाऱ्या दुचाकींची रांगच लागते. त्या रांगेत आमचा मोठा मुलगाही असतो.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी त्याने बटण दाबले आणि गाडीने नुसते 'टक' केले. इंजिन फिरलेच नाही. गाडीला किक नाही. तो रिक्षा बदलत बदलत पोहोचला, पण अर्ध्या दिवसाची हजेरी गेली. जवळच्या एका गॅरेजवाल्याने एकदा बटण दाबून पाहिले आणि 'बॅटरी गेली' असे सांगून टाकले. आम्ही नवी बॅटरी बसवली. वर मुलालाच रागावलो, "रात्रंदिवस गाडीवर मोबाईल चार्ज करतोस, मग काय होणार?" तो काही बोलला नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच 'टक'.

या वेळी आम्ही मुलांच्या मामूंना बोलावले. ते वायरमन आहेत. त्यांनी आधी पाना नाही, कान लावला. म्हणाले, "आपा, गाडी स्वतःच सांगते काय दुखतंय ते." बटण दाबल्यावर भराभर 'टकटकटक' झाले आणि दिवा मंदावला, तर बॅटरी उतरलेली किंवा तिचे टर्मिनल सैल. एकच 'टक' आणि दिवा तसाच लख्ख, तर दोष बहुधा पुढे, म्हणजे रिले, जाड तारा, अर्थिंग किंवा सेल्फच्या मोटरमध्ये. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, किल स्विच, क्लचचा किंवा साईड स्टँडचा स्विच बघायचा.

आमचा दिवा लख्ख होता. मग त्यांनी मल्टीमीटर काढला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. बटण दाबून ठेवले तरी आकडा 12.4 च्या खाली गेला नाही. मोटर खरेच जोर लावत असती तर तो बराच उतरला असता. बॅटरी कमजोर असती तर साडेनऊच्याही खाली गेला असता. म्हणजे बॅटरीत ताकद होती, पण ती मोटरपर्यंत पोहोचत नव्हती.

शेवटी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून त्यांनी बटण दाबायला सांगितले. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला नऊच्या वर! इंजिनला जोडलेली अर्थची तार काढली, तर बोल्टाखाली हिरवट-पांढरा थर. सँडपेपरने घासले, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावले. बटण दाबताच गाडी सुरू झाली. खर्च शून्य. पहिल्यांदा बॅटरी बदलताना तारा हलल्या आणि जोड तात्पुरता बसला असावा, म्हणून आम्हाला औषध लागू पडल्यासारखे वाटले होते.

जाण्यापूर्वी मामूंनी आणखी एक तपासणी केली. इंजिन चालू ठेवून थोडा रेस दिला, तर बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी दिसले तर चार्जिंगच होत नाही, मग कितीही बॅटऱ्या बदला, सगळ्या उतरणारच. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तांब्याची तार गुंडाळली तर वायरिंग जळू शकते. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडा, बसवताना तो शेवटी जोडा. आणि सेल्फचे बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका.

साधा मल्टीमीटर बॅटरीच्या मानाने फारच स्वस्तात मिळतो. आम्ही एक घेतला. आता तो वापरते आमची अकरावीतली मुलगी, गल्लीतल्या गाड्यांसाठीसुद्धा.

मुलाची मात्र आम्ही माफी मागितली. मोबाईलचा काही दोष नव्हता. न तपासता बॅटरीला दोष देण्याचे नुकसान पैशात मोजता आले; न तपासता मुलाला दोष दिला, ते कोणत्या मीटरने मोजणार?