सिंगापूरचं हॉकर सेंटर
इथे आधी जागा धरायची, मग रांगेत उभं राहायचं. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की ती जागा घेतलेली समजावी. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने रस्त्यावरचे खाद्यविक्रेते, म्हणजेच हॉकर, अशा छपरांखाली आणले. नळ, वीज, सांडपाण्याची सोय झाली. चिनी चिकन राइस, मलय नासी लेमाक आणि भारतीय वळणाचा रोटी प्राता शेजारी-शेजारी आले. हा शेजारच सगळ्यांत मोलाचा. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कॉफी मात्र नीट मागा. नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोडमिट्ट येते. ‘कोपी ओ’ बिनदुधाची, पण साखरेची. साखरही नको असेल तर ‘कोपी ओ कोसोंग’. जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. २०२१पासून तो नियमच आहे.