किल्ली फिरवली की नुसताच 'टक'! मोटारीतला सोलेनॉइड शोधायचा कुठे?

वडनेर (जि. वर्धा), आमच्या प्रतिनिधीकडून : नागपूर-हैदराबाद महामार्गावर हिंगणघाट ओलांडले की वडनेर लागते. मे महिन्यात या भागातील पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी चहापुरती थांबवलेली मोटार पुन्हा सुरू होत नाही; किल्ली फिरवल्यावर केवळ 'टक' असा आवाज येतो. 'स्टार्टर गेला' असे निदान होऊन मोठा खर्च माथी येतो. प्रत्यक्षात दोष बहुधा सोलेनॉइडमध्ये किंवा बॅटरीच्या सैल टर्मिनलमध्ये असू शकतो.

सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याच्या पोकळीत सरकणारा लोखंडी दांडा. वीज वाहू लागताच वेटोळ्याचे चुंबक बनते व दांडा आत ओढला जातो. वीज थांबली की स्प्रिंग त्याला मागे ढकलते. हाच दांडा एखादा मार्ग उघडू-मिटू लागला की त्यास सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणतात.

तो सापडतो कुठे? ज्यावर त्याची हुकमत चालते, सहसा त्याच्याच शेजारी. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड केबल इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ पोहोचते. तेथील मोठे नळकांडे म्हणजे स्टार्टर आणि त्याच्या पाठीवरचे लहान नळकांडे म्हणजे सोलेनॉइड. जुन्या डिझेल गाड्यांत इंधन तोडणारा सोलेनॉइड पंपावरच असतो; त्याची तार निसटली तर स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेटत नाही. सीएनजी गाडीत असा व्हॉल्व्ह गॅसच्या मार्गावर असतो. ऑटोमॅटिक गाडीत ते गिअरबॉक्सच्या आत तेलात, तर एबीएसचे व्हॉल्व्ह ब्रेकच्या नळ्या एकत्र येतात त्या ठोकळ्यात असतात. या दोहोंना घरी हात लावू नये.

उन्हाचा संबंध इथेच येतो. तापलेल्या तांब्याचा विद्युतरोध वाढतो. २५ अंशांचे वेटोळे १०० अंशांपर्यंत तापले तर हा रोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो आणि चुंबकाचा जोर घटतो. त्यामुळे सकाळी बिनतक्रार सुरू झालेली गाडी दुपारी अडून बसते व थंड झाली की पुन्हा चालू होते.

आवाजावरूनही अंदाज बांधता येतो. भराभर 'टकटक' झाल्यास बॅटरी उतरलेली असावी. एकच ठळक 'टक' आल्यास प्रथम टर्मिनल घासून घट्ट करावे, मग सोलेनॉइडकडे वळावे. अजिबात आवाज नसल्यास फ्यूज व रिले तपासावेत.

स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडची दोन टोके जोडून गाडी सुरू करण्याची रीत मात्र धोक्याची आहे. ठिणगी उडते आणि गाडी गिअरमध्ये असेल तर समोरच्या माणसाच्या अंगावर येते. त्यापेक्षा अर्धा तास सावलीत थांबणे केव्हाही स्वस्त.