पहिली गोळी हात बधिर असतानाच

मनगटाचं हाड मोडलं, प्लेट बसवली आणि रुग्ण संध्याकाळी घरी आला, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. याचं बरंचसं श्रेय भूलतज्ज्ञाचं आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर नसा पाहत खांद्याच्या वर किंवा काखेत औषध सोडलं, की पूर्ण भूल न देताही अख्खा हात बधिर होतो. यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. गुंगी आणि उलट्या कमी, शिवाय खाणंपिणं लवकर सुरू. पण घरी गेल्यावर रुग्ण कसा सावरतो, हे हा ब्लॉक उतरताना ठरतं आणि त्या वेळी जवळ डॉक्टर नसतात.

ब्लॉकसाठी सोडलेल्या ब्युपिवाकेन किंवा रोपिवाकेनचा असर साधारण 12 ते 24 तास टिकतो. संध्याकाळी हात लाकडासारखा जड असतो, दुखत काहीच नाही, त्यामुळे गोळ्यांचं पाकीट न उघडताच माणूस झोपतो. मध्यरात्री बोटांना मुंग्या येतात आणि पाठोपाठ ठणका सुरू होतो. डॉक्टर याला ‘रीबाउंड पेन’ म्हणतात. तेव्हा घेतलेली गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो आणि तोवर दुखणं हाताबाहेर गेलेलं असतं. मग ट्रॅमाडॉलसारखं जोरकस औषध घ्यावं लागतं आणि त्याच्याबरोबर मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठताही येते. शिवाय सूज उतरावी म्हणून दुसऱ्या दिवसापासून बोटं हलवायची असतात. ठणकणाऱ्या हाताची बोटं कोण हलवणार? सांधे आखडतात ते इथेच. म्हणून पहिली गोळी हात बधिर असतानाच घ्यावी आणि पुढचे दोन-तीन दिवस घड्याळाप्रमाणे घेत राहावं.

‘पेनकिलरनं किडनी जाते’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती निराधार नाही. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा हृदयविकार असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं धोक्याचीच. हाड जुळायला ती उशीर लावतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसल्यामुळे काही सर्जन ती टाळतातही. पण म्हणून सगळंच दुखणं सोसायचं, हा निष्कर्ष चुकीचा आहे. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधं थोडी थोडी एकत्र द्यावीत, हा विचार डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट आणि यॉर्गन डाल यांनी 1993 मध्ये मांडला. 2017 साली अमेरिकेत हातापायाच्या तीव्र दुखण्यासाठी तातडीच्या विभागात आलेल्या सुमारे 400 रुग्णांवर अभ्यास झाला. त्यात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनच्या जोडीनं दोन तासांत अफूवर्गीय औषधांइतकाच आराम दिला. पॅरासिटामॉलची मर्यादा मात्र पाळायलाच हवी. निरोगी प्रौढाला दिवसाला जास्तीत जास्त 4 ग्रॅम, आणि ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत किंवा सर्दीच्या गोळीत असतं तेही त्यात मोजायचं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दुखणं दाबलं तर धोक्याची सूचनाही दाबली जाईल. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याचा विकार क्वचित होतो, पण झाला तर काही तासांत हात निकामी करू शकतो. मात्र नेमाची औषधं चालू असतानाही दुखणं वाढतच राहिलं आणि बोटं नुसती सरळ करतानाही कळ असह्य झाली, तर उलट तीच खूण ठळक ठरते. बोटं थंड किंवा निळी पडली, तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी एवढं विचारून घ्या: ब्लॉक साधारण किती वाजता उतरेल, पहिली गोळी कोणती आणि कधी, आणि रात्री फोन कुणाला करायचा.