जुन्या व्हॅनचे तापणारे इंजिन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

1984 मध्ये बाजारात आलेली मारुती व्हॅन, जिला पुढे ओम्नी हे नाव मिळाले आणि जिचे उत्पादन 2019 मध्ये थांबले, ती शाळेची मुले, भाजीपाला आणि मंडपाचे सामान वाहत आजही महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसते. तिचे 796 घनसेंटिमीटर क्षमतेचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनांखाली बसविलेले असते. त्यामुळे बॉनेट उघडून सहज पाहणी करण्याची सोय तिच्यात नाही आणि इंजिनाभोवतीची बारीकसारीक गळती महिनोन्महिने कोणाच्या नजरेस पडत नाही. जे दिसत नाही त्याविषयी समजुती लवकर रूढ होतात. अशा समजुतींपैकी सर्वांत घट्ट रुजलेली म्हणजे गाडी जुनी झाली की ती गरम होणारच आणि पाणी खाणारच, ही होय.

वस्तुतः इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था हा एक बंद फेरा आहे. सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून फिरून तापलेले कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये जाते, तेथे हवेला उष्णता देऊन निवते आणि वॉटर पंपाच्या जोरावर पुन्हा इंजिनात येते. या फेऱ्यात कूलंट पेट्रोलसारखे खर्ची पडत नाही. दर आठवड्याला पाणी घालावे लागत असेल, तर ते बाहेर गळत तरी असते किंवा सिलिंडरमध्ये शिरून जळलेल्या वायूंबरोबर धुराड्यातून वाफेच्या रूपाने तरी जात असते, आणि गाडीचे वय कितीही असले तरी त्याची वाट शोधता येते.

शोधाची सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून करणे शहाणपणाचे ठरते, कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. ते केवळ बूच नसून दोन झडपा असलेली कळ आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पहिली झडप साधारण 0.9 किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब आत कोंडून ठेवते; प्रेशर कुकरमध्ये घडते तसेच येथेही घडून नुसत्या पाण्याचा उत्कलनबिंदू 100 अंश सेल्सियसवरून 118 अंशांच्या आसपास चढतो आणि निम्मे ग्लायकॉल असलेल्या मिश्रणाचा त्याहूनही वर जातो. झाकणाचे रबर कडक झाले की हा दाब टिकत नाही, आणि महाबळेश्वरसारख्या सुमारे 1,350 मीटर उंचीच्या ठिकाणी, जेथे उघड्यावरचे पाणी 95-96 अंशांनाच उकळते, निरोगी इंजिनसुद्धा वाफ ओकू लागते. दुसरी झडप इंजिन निवताना उघडते आणि बाजूच्या बाटलीत गेलेले कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घेते. ती अडकली किंवा बाटलीच्या बारीक नळीला चीर गेली, तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते. म्हणून बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटरही भरलेला आहे, हा समज धोक्याचा आहे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून द्रव गळ्यापर्यंत आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पातळी कळत नाही.

गाडीखाली थेंब दिसत नाही म्हणजे गळती नाही, हाही असाच समज. तापलेल्या धातूवर पडलेला थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच वाळून जातो आणि मागे पांढरट किंवा कूलंटच्या रंगाची खपली उरते. ती होज पाईपच्या क्लॅम्पखाली, रेडिएटरच्या सांध्यांवर आणि विशेषतः वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी शोधावी लागते. पंपाचे सील झिजल्यास कूलंट बाहेर पडून ते दिसावे, यासाठीच ते भोक ठेवलेले असते. खात्रीची परीक्षा दाबाची आहे. थंड रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि काटा स्थिर राहतो का, ते दहा-पंधरा मिनिटे पाहायचे. काटा उतरला आणि बाहेर कोठेही ओल आली नाही, तर संशय सिलिंडर हेड व ब्लॉक यांमधील गॅस्केटवर जातो.

हेड गॅस्केट उडाले की ऑईल दुधाळ होतेच, असे गॅरेजांतून ठामपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात गॅस्केट कूलंटच्या आणि ऑईलच्या वाटांमध्ये फुटले तरच तसे होते. ते सिलिंडर आणि कूलंट यांच्यामध्ये फुटले, तर ऑईल स्वच्छ राहूनही दाबाखालचे ज्वलनवायू कूलंटमध्ये घुसतात, होज पाईप थंड इंजिनातही काही मिनिटांत कडक होतात आणि रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. उलट, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑईलच्या झाकणाखाली साचलेली पिवळसर साय पुष्कळदा आतील बाष्पाचे पाणी होऊन तयार झालेली असते. त्या एका खुणेवर विसंबून हेड उतरविणे हा मालकावर अन्याय आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या रसायनातून ओढली असता ज्वलनवायूतील कार्बन डायऑक्साइडने ते पिवळे पडते; ही चाचणी थोड्या वेळात होते आणि हेड उघडण्यापूर्वी ती करून घेण्याचा आग्रह धरावा.

सर्वाधिक नुकसान मात्र थर्मोस्टॅटविषयीच्या समजुतीने केले आहे. थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप असून साधारण 82 अंशांच्या सुमारास ती उघडू लागते व तोपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आपल्या उष्ण हवेत तिची गरजच नाही, असे म्हणून ती काढून टाकली जाते. परिणामी इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्याचा काही अंश ऑईलमध्ये उतरतो आणि झीज वाढते. ज्या इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बाजूची पळवाटही बंद करतो, त्यांत तर तो काढल्यावर तापलेल्या कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परततो आणि गाडी उलट अधिक गरम होते. थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही, हे स्वयंपाकघरातल्या पातेल्यातही तपासता येते : झडपेच्या फटीत दोऱ्याचे टोक अडकवून थर्मोस्टॅट पाण्यात टांगावा, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी हळूहळू तापवावे; झडप उघडताच दोरा सुटतो, थर्मोस्टॅट तळाशी पडतो आणि त्या क्षणीचा आकडा हेच उघडण्याचे तापमान होय.

इंजिन तापते ही तक्रार अपुरी आहे. ते केव्हा तापते, यात निदानाचा निम्मा भाग असतो. सिग्नलवर थांबल्यावर चढणारा आणि मोकळ्या रस्त्यावर उतरणारा तापमानाचा काटा पंखा, त्याचा स्विच किंवा फ्यूज यांच्याकडे बोट दाखवितो, कारण गाडी धावत असताना वाऱ्याचा झोत पंख्याची उणीव भरून काढतो. महामार्गावर वेग वाढताच किंवा कसारा घाटात भरल्या गाडीने चढताना काटा वर जात असेल, तर पंखा ठीक असून रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबल्या असण्याचा संभव मोठा. काटा खाली आहे म्हणजे इंजिन थंड आहे, असेही नेहमी नसते : कूलंट फार कमी झाल्यावर सेन्सर उघडा पडतो, द्रवाऐवजी हवेचे तापमान दाखवितो आणि इंजिन भाजत असतानाच काटा निवांत उतरलेला दिसतो.

नळ्या तुंबण्यामागे बहुधा बोअरचे पाणी असते. त्यातील क्षार तापलेल्या भिंतींवर थर धरतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. रेडिएटरची गळती थांबविण्यासाठी हळद टाकण्याचा जुना उपाय बारीक भोक काही काळ बुजवितो हे खरे, परंतु तीच हळद अरुंद नळ्याही बुजविते. कूलंट केवळ बर्फाच्या प्रदेशासाठी असते, असे मानून साधे पाणी वापरणाऱ्यांना हे सांगावे लागते की त्यातील गंजरोधक द्रव्ये पंप, हेड आणि रेडिएटर यांचे रक्षण करतात. मात्र निव्वळ ग्लायकॉल भरणेही चूकच, कारण उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता पाण्याहून बरीच कमी असते. क्षारविरहित पाण्यातील निम्मे-निम्मे मिश्रण योग्य.

काटा लाल खुणेकडे सरकल्यावर पुढच्या गॅरेजपर्यंत दामटण्याचा मोह टाळावा. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये, कारण दाब सुटताच उकळते कूलंट तोंडावर व हातांवर उसळते, आणि तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतू नये. ॲल्युमिनियमच्या हेडच्या पृष्ठभागाची वक्रता साधारण 0.05 मिलिमीटरच्या पुढे गेली की गॅस्केट धरत नाही आणि हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करून घ्यावा लागतो. तेवढी वक्रता यायला घाटातले काही किलोमीटर पुरतात. त्यापेक्षा टोचन लावून गाडी नेणे केव्हाही स्वस्त पडते.