किंचाळणारा पट्टा आणि मिरचीचा चुरडामुरडा

डिसेंबरमधील चेन्नई. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस रात्रभर कोसळून पहाटे थांबला होता आणि हवा दमट होती. तरमणी येथील मुक्कामाच्या ठिकाणी भाड्याची मोटार आली. निघताना चालकाने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झाले आणि त्याच क्षणी बॉनेटखालून कर्कश किंचाळी उठली. अर्ध्या मिनिटात ती थांबली. आवाज थांबला म्हणजे दोष मिटला, असे समजून मी चलण्याची सूचना केली. चालक मात्र गाडीतून उतरला.

त्याने दिवे आणि वातानुकूलन यंत्रणा चालू केली, आवाज परतला. मग इंजिन मंद गतीने चालू असताना त्याने बाटलीतील थोडे पाणी पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर शिंपडले. आवाज वाढला. "बेल्ट ढीला, सर," एवढेच तो म्हणाला. दुपारी पुदुपेट या सुट्या भागांच्या प्रसिद्ध बाजारपेठेतील मिस्त्रीने त्याचेच निदान पक्के केले. पट्टा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. परंतु मूळ दोष पट्ट्याला ताण देणाऱ्या पुलीच्या थकलेल्या स्प्रिंगमध्ये होता. केवळ पट्टा बदलला असता, तर काही दिवसांत तोच आवाज पुन्हा आला असता.

आवाज का होतो?

इंजिनाच्या मुख्य दंडावरील पुली पट्ट्याच्या साहाय्याने अल्टरनेटर आणि बहुतेक गाड्यांत वॉटर पंपही फिरवते. इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून मोठा विद्युतप्रवाह ओढतो. ती झीज भरून काढण्यासाठी सुरुवातीच्या काही क्षणांत अल्टरनेटरवर, पर्यायाने पट्ट्यावर, अधिक भार येतो. पट्टा सैल, गुळगुळीत किंवा ओलसर असेल तर तो पुलीवर क्षणभर चिकटतो, क्षणभर घसरतो. हे चक्र अतिशय वेगाने घडून रबर कंप पावते आणि किंचाळी उमटते. बॅटरी सावरली, ओल उडाली की आवाज थांबतो. दोष मात्र तेथेच राहतो.

निदानाचे टप्पे

आवाज केव्हा येतो, हे प्रथम पाहावे. इंजिन पेट घेण्यापूर्वी, किल्ली फिरवलेली असतानाच खरखर होत असेल, तर स्टार्टर व त्याचे दाते तपासावेत. इंजिन सुरू झाल्यावर किंचाळी येत असेल, तर संशय पट्ट्यावर घ्यावा. स्टिअरिंग पूर्ण वळवताच आवाज येत असेल, तर पट्ट्यावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगच्या पंपाकडे पाहावे.

त्यानंतर पाण्याची परीक्षा करावी. आवाज वाढला, तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परतला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. असा आवाज सहसा सलग नसून रातकिड्यासारखा तुटक असतो. पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंगवर संशय घ्यावा. इंजिन बंद करून, पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवल्यास खरखरणारी पुली सापडते. इंजिन चालू असताना हात, उपरणे, ओढणी वा सैल बाही पट्ट्याजवळ नेऊ नये.

जुन्या जीप व ट्रॅक्टरवरील व्ही-पट्टा दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास साधारणतः १० ते १२ मि.मी. खाली जावा; नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. साबण, मेण किंवा पावडर लावून आवाज दाबू नये. त्याने लक्षण झाकले जाते, दोष वाढत राहतो. चार्जिंगचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर गाडी तेथेच थांबवून इंजिन बंद करावे.

आमची चूक

चेन्नईतील त्या सकाळी मला आमची जीप आठवली. एका खरीप हंगामात तिच्यातून किरकिर येत होती. आम्ही दोनदा पट्टा बदलला. आवाज सलग आहे की तुटक, हे कोणी ऐकलेच नाही. तिसरा पट्टा कपाशीच्या कामगंध सापळ्यांच्या नोंदींसाठी जाताना रस्त्यात तुटला. तेव्हा अल्टरनेटरच्या आधारपट्टीचा बोल्ट सैल होऊन पुली रेषेबाहेर गेल्याचे दिसले. गुलाबी बोंडअळीसाठी प्रतिसापळा प्रतिरात्र ८ पतंग सलग ३ रात्री, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. ऐन मोक्याच्या दोन रात्रींच्या नोंदी हुकल्या आणि त्या गावांना फवारणीचा सल्ला उशिरा गेला. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

मिरचीची पाने आकसली की आपण सरसकट 'चुरडामुरडा' म्हणतो. परंतु फुलकिड्यांमुळे पानाच्या कडा वर वळतात, कोळीमुळे खाली वळतात. फरक न पाहता फुलकिड्यांचे कीटकनाशक फवारले, तर कोळी तसाच राहतो आणि त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. शेतकऱ्याला आपण हे वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. स्वतःच्या जीपपुढे मात्र आम्ही नेमके उलट वागलो.

कोकणात अनुभवी बागायतदार माडाच्या खोडाला कान लावून आतील सोंड्या भुंग्याच्या अळीची कुरतड ओळखतो. तोच कान इंजिनालाही द्यावा. हंगामाच्या आरंभी सापळे व ल्युअर मोजून घेताना गाडीचा पट्टाही तपासावा आणि एक चांगला पट्टा सोबत ठेवावा. सकाळी इंजिन सुरू करताना पहिले अर्धे मिनिट कोणी बोलू नये, फक्त ऐकावे.