कान्होपात्रा : गाणारी आणि गाणे रचणारी

मंगळवेढ्याचे नाव निघाले की महाराष्ट्राला पहिल्याने दामाजीपंत आठवतात. दुष्काळात बहामनी सरकारची धान्याची कोठारे भुकेल्यांना मोकळी करून देणारा हा अधिकारी घरोघर ठाऊक आहे. त्याच्या पाठोपाठ याच गावी भिंतीच्या कामावर असताना तिच्याखाली सापडून इ. स. १३३८ मध्ये मरण पावलेले चोखोबा आठवतात. कान्होपात्रेचे नाव त्यानंतर येते, आणि येते तेही बहुधा एका चमत्काराला धरून. ती विठ्ठलाच्या पायांशी मेली, तिथे तरटीचे झाड उगवले, एवढे सांगून आपण हात जोडतो. भाविकांना या कथेची गोडी असावी यात वावगे काही नाही. परंतु त्या झाडाच्या सावलीत एक गोष्ट झाकली गेली आहे. कान्होपात्रा गाण्याच्या धंद्यातल्या घरात जन्मली होती आणि स्वतःची गाणी ती स्वतः रचीत होती. आजच्या विवेचनाचा विषय तिचे गाणे हा आहे.

प्रथम तिचे चरित्र पाहू. ते आपल्याला मुख्यतः महिपतींच्या ‘भक्तविजय’ या ग्रंथातून ठाऊक झाले आहे. हा ग्रंथ १७६२ सालचा, आणि कान्होपात्रा पंधराव्या शतकातली. म्हणजे मध्ये सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे. महिपती सांगतात ते थोडक्यात असे : मंगळवेढ्यात शामा नावाची एक श्रीमंत गणिका होती. कान्होपात्रा तिची मुलगी. मुलगी देखणी निघाली. आईच्या वाटेने जाण्यास ती तयार होईना. आपल्या तोडीच्या रूपाचा पुरुष भेटला तरच त्याला वरीन, असा तिचा हट्ट. पुढे गावावरून पंढरीची वारी चालली असता तिने वारकऱ्यांकडून विठ्ठलाचे वर्णन ऐकले आणि ती त्यांच्याबरोबर निघाली. पंढरपूर येथून पंचवीसेक किलोमीटरांवर. एका दिवसाची पायवाट. ती परतलीच नाही. तिच्या रूपाची वार्ता बेदरच्या बादशहापर्यंत गेली. त्याचे शिपाई तिला न्यायला आले, तेव्हा एकदा देवाचे दर्शन घेऊ द्या एवढे मागून ती गाभाऱ्यात शिरली आणि तिने तेथेच प्राण सोडला.

ही कथा जशीच्या तशी इतिहास म्हणून कोणी मानणार नाही. पण ती काळाशी विसंगतही नाही. बहामनी राज्याची राजधानी पंधराव्या शतकातच गुलबर्ग्याहून बेदरला गेली होती आणि मंगळवेढे त्याच राज्यात होते. अशा राज्यातल्या एका देखण्या गणिकाकन्येला सत्तेचा हुकूम यावा आणि तो मोडण्याची सोय तिच्यापाशी नसावी, हे अगदी संभवनीय आहे.

आता त्या घराचा विचार करा. अशा घरांत वंश आईकडून चालतो. मुलगी जन्मली की आनंद होतो, कारण घरची विद्या तिच्याकडे जायची असते आणि घरची मिळकतही तिच्याच हातून यायची असते. लहानपणापासून तिच्या कानावर सूर पडतो, पायात चाळ येतात, शब्द कसा टाकावा, कोठे थांबावे, ऐकणाऱ्याचे मन कसे ओळखावे हे तिला शिकवले जाते. कुलीन घरातल्या मुलींना ज्या काळी अक्षर दाखवीत नसत, त्या काळी गाणे, नाचणे आणि काव्य यांचे रीतसर शिक्षण मिळणारी स्त्री ही बहुधा याच घरातली असे. मात्र या शिक्षणाला एक अट होती. गाणे कोणासाठी गायचे हे गाणारीने ठरवायचे नव्हते. ज्याचा पैसा त्याची बैठक, आणि बैठकीबरोबर गाणारीही त्याचीच. विद्या तिची, गळा तिचा, पण ऐकणारा दुसऱ्याने नेमलेला.

कान्होपात्रेने जे केले त्याचे मोल या अटीच्या पार्श्वभूमीवर समजते. गाणे तिने टाकले नाही. तिने ऐकणारा बदलला.

तिची रचना फार थोडी उरली आहे. वीस-पंचवीस, फार तर तीस अभंग. तिच्या हातची वही नाही, तिने लावलेल्या चाली नाहीत. जे आले ते वारकऱ्यांच्या तोंडातून आले आणि पुढे गाथ्यांत छापले गेले. पण आले कसे, हे समजण्यासाठी अभंगाचा घाट पाहिला पाहिजे. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. दोन्ही प्रकार कान्होपात्रेने हाताळले आहेत. हा घाट इतका साधा आहे की एकदा ऐकलेली ओळ चालता चालता पाठ होते, आणि इतका लवचीक आहे की टाळांच्या ठेक्यावर ती हवी तेवढी घोळवता येते. धृपद सगळ्यांनी मिळून पुन्हा पुन्हा म्हणायचे असते. बैठकीत एक गातो आणि बाकीचे ऐकतात. भजनात गाणारा आणि ऐकणारा हा भेदच राहत नाही. बैठकीचे शिक्षण घेतलेल्या मुलीने भजनाचा घाट पत्करला, हा केवळ छंदाचा बदल नव्हता.

या अभंगांत ती काय म्हणते? पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की महिपतींच्या कथेतला रूपाचा हट्ट येथे दिसत नाही. आपल्या तोडीचा वर शोधणारी मानी सुंदरी या गाण्यांत सापडणार नाही. विठ्ठल तिच्या अभंगांत येतो तो आई म्हणून. विठाबाई, कृष्णाई, कान्हाई अशा हाका ती मारते. वाघाने हरिणीचे पाडस धरावे तशी आपली गत झाली आहे, आई धावली तरच सुटका, असे ती सांगते. एका ठिकाणी हात उचलून उचलून बाहू शिणले, आता येऊन मला उचलून घे, अशी ती विनवणी करते. थकलेले मूल आईकडे जसे पाहते, तशी ही भाषा आहे. जिला आयुष्यभर पुरुषाच्या नजरेने मोजले जाणार होते, तिने देवातसुद्धा पुरुष शोधला नाही, आई शोधली. याची कारणे तिच्या घरात होती, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट अशी की ती नुसती रडत नाही, वाद घालते. पतितांना पावन करणारा हे तुझे ब्रीद, मग ते राख, असा तिचा पेच आहे. सिंहाचा घास कोल्ह्याने पळवला तर लाज सिंहाला. तुझी म्हणवणाऱ्या बाईला दुसऱ्याने ओढून नेले तर उणेपणा कोणाच्या पदरी पडेल, असे ती देवालाच विचारते. नामाने तरलेल्यांची उदाहरणे ती देते. त्यांत वाल्या कोळी आहे, अजामेळ आहे, आणि एक गणिकाही आहे. आपला दाखला आधीच झालेला आहे, हे ती देवाच्या ध्यानात आणून देते. पाठीस लागलेल्या दुष्टाचे नाव मात्र ती घेत नाही. तो बेदरचा बादशहा होता की गावातलाच कोणी धनवान, हे गाणे सांगत नाही. आणि म्हणूनच ज्या कोणाच्या पाठीस असा कोणी लागला असेल, त्याला ते गाणे आपले वाटते.

तिसरी गोष्ट तिच्या नाममुद्रेची. अभंगाच्या शेवटी कर्त्याने आपले नाव घालायचे, ही रीत. मुक्ताबाईंना भाऊ होते. जनाबाईंनी स्वतःला नामयाची दासी म्हटले. सोयराबाईंनी आपल्या सहीत चोखोबांचे नाव जोडले. पुढच्या काळातल्या बहिणाबाईंना तुकोबांच्या रूपाने गुरू लाभला. कान्होपात्रेला वारकरी परंपरेत ना भाऊ, ना नवरा, ना गुरू. तिच्या अभंगाखाली येते ते एकटे तिचेच नाव, आणि तेही तिच्या आईच्या घरातले. धंद्यातल्या घरात जन्मलेल्या मुलीने आपले मूळ नाव न बदलता आणि कोणा पुरुषाचा आधार न लावता आपल्या रचनेखाली लिहावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे.

असे करणारी ती पहिलीच होती असे मात्र नाही. वैशालीची गणिका अंबपाली भिक्षुणी झाली. तिच्या गाथा पाली ‘थेरीगाथे’त जतन झाल्या आहेत. आणि मंगळवेढ्याच्याच इतिहासात डोकावले तर आणखी जवळचे उदाहरण मिळते. बाराव्या शतकात कलचुरी बिज्जलाच्या सेवेत असताना बसवेश्वर या गावी राहिले होते. त्यांच्या काळच्या शरणमंडळींत संकव्वा नावाची, वेश्याव्यवसायातून आलेली एक वचनकार स्त्री होती. तिचे एकच कन्नड वचन आज उपलब्ध आहे. एकाचा पैसा घेतल्यावर दुसऱ्याचा घ्यायचा नाही, हा आपल्या धंद्याचा नियम सांगून ती त्यातून एकनिष्ठेचा अर्थ काढते. संकव्वेने धंद्याची भाषा भक्तीसाठी वापरली. कान्होपात्रेने ती भाषा मागे ठेवली आणि मुलाची भाषा घेतली. दोघींचे म्हणणे मात्र एकच आहे : माझा शब्द कोणाला द्यायचा हे मी ठरवीन.

तिच्या गाण्याचा पुढचा प्रवासही मनोरंजक आहे. चारपाच शतके ते भजनी मंडळांत राहिले. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने ना. वि. कुलकर्णी यांचे ‘कान्होपात्रा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. संगीत मास्तर कृष्णरावांचे, आणि कान्होपात्रा झाले होते बालगंधर्व. कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर उभे राहणे तेव्हाही गौण मानले जाई. गाणाऱ्या बाईचे गाणे ऐकायला शालीन प्रेक्षक गर्दी करीत होते, आणि ती बाई म्हणून त्यांच्यापुढे एक पुरुष उभा होता! बालगंधर्वांच्या गाण्याचे मोल याने कमी होत नाही; पण समाजाला गाणे हवे असते आणि गाणारी नको असते, ही जुनी खोड यात स्पष्ट दिसते. पुढे लता मंगेशकरांच्या आवाजात तिचा अभंग घराघरांत पोचला. तोवर काळ पालटला होता, आणि तो ऐकताना गाणारीची जात-कुळी विचारण्याचे कारण कोणाला वाटले नाही.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. चोखोबा आणि कान्होपात्रा, दोघांचा मृत्यूनंतरचा मुक्काम पंढरपूरला आहे. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. कान्होपात्रेची समाधी मंदिराच्या आवारात, तरटीच्या झाडापाशी दाखवतात. जिवंतपणी चोखोबांना दार बंद होते, आणि त्यांच्या बांधवांना ते उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. कान्होपात्रा आत गेली खरी, पण परत बाहेर येण्याची वाट तिला उरली नव्हती. मंगळवेढ्याच्या या दोन माणसांचे भाग्य पाहताना केवळ चमत्काराने समाधान मानून चालणार नाही. एकाला दाराबाहेर कोणी ठेवले आणि दुसरीला आत जाऊन मरावे का लागले, हे प्रश्न चमत्काराच्या अलीकडचे आहेत आणि ते माणसांनी माणसांना विचारायचे आहेत.

पंढरीच्या वाटेवर तिचा अभंग सुरू झाला की शेवटच्या चरणात शेकडो तोंडे एका वेळी तिचे नाव घेतात. त्यांत शेतकरी असतात, विणकर असतात, सासुरवाशिणी असतात. तिच्या गाण्यातला ‘मी’ त्या घटकेला त्यांचा होतो. बादशहाची सत्ता संपली, बेदरचा किल्ला इतिहासात जमा झाला. ज्या आवाजावर दुसऱ्याची मालकी ठरलेली होती, त्या आवाजातली वीस-पंचवीस गाणी राहिली. पुढल्या वेळी तरटीच्या झाडापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांतले एखादे मुखी असू द्या. तिने मागे ठेवलेले तेवढेच आहे.