एक वर्ष, परक्या घरात

गुरुवारचा दिवस होता. भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच लहान कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे आमच्या भागातली महत्त्वाची कामे त्याच दिवशी निघतात. लग्नाची बोलणी, आधार कार्डाची दुरुस्ती, शाळेतल्या भेटीगाठी. त्या गुरुवारी शाळा सुटल्यावर एक जोडपे आमच्यापुढे येऊन बसले. वडील चाकणला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहेत, तेही कंत्राटी. आई घरी शिलाई करते. त्यांची थोरली मुलगी सातवीपर्यंत आमच्याकडे उर्दूत शिकली, मग इंग्रजी माध्यमात गेली आणि आता दहावीला आहे. वडिलांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "टीचर, सही करू का नको, तेवढंच सांगा."

कागद एका शिष्यवृत्तीचे होते. निवड झाली तर मुलीने शाळेचे एक वर्ष परदेशात, एका अनोळखी कुटुंबात राहून काढायचे. अर्जाला आठ दिवस उरले होते. "तेवढंच" सांगायला आम्हालाही आठ दिवस लागले.

हा प्रकार आपल्या घरांत फारसा ठाऊक नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. हे परदेशी विद्यापीठातले शिक्षण नव्हे. पदवी नाही, नोकरी नाही. साधारण पंधरा ते सतरा वर्षांचे मूल दहा महिने दुसऱ्या देशात जाते, तिथल्या सरकारी शाळेत बसते आणि एका यजमान कुटुंबात घरातल्या मुलासारखे राहते. भांडी घासते, कचरा बाहेर ठेवते. अशा विनिमयातली जुनी संस्था म्हणजे एएफएस. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींसाठी रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ही संघटना. दुसरे महायुद्ध संपल्यावर, 1947 पासून, तिने शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली.

मुस्लिम कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचा कार्यक्रम आहे केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज, ज्याला थोडक्यात 'येस' म्हणतात. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर, 2002 मध्ये, अमेरिकेने तो सुरू केला. ज्या देशांत मुसलमानांची वस्ती मोठी आहे, तिथली मुले अमेरिकन घरांत येऊन राहावीत असा त्यामागे विचार होता. त्यात भारतही आला. विमानभाडे, विमा, महिन्याचा हातखर्च असा सारा भार शिष्यवृत्ती उचलते. स्वखर्चाने जायचे तर काही लाख लागतात, तेव्हा आपल्यासारख्यांसाठी शिष्यवृत्तीचाच रस्ता उरतो. मात्र यजमान कुटुंब किंवा राज्य मुलाला निवडता येत नाही, आणि वर्ष संपले की परत यावेच लागते. सरकारी पैशाने गेलेल्यांना मायदेशी दोन वर्षे काढल्याशिवाय तिथला नोकरीचा किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. "पोरगी तिकडचीच झाली तर?" या आईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

उरलेले निम्मे कायद्यात सापडत नाही. ते शोधायला आम्ही पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. दादी होती, मामू होते, शेजारची खालाही येऊन बसली होती.

पहिला प्रश्न पैशांचा निघेल असे आम्हाला वाटले होते. निघाला वर्षाचा. वडिलांनी बोटांवर हिशेब मांडला. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात. तिथली शाळा ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या जूनपर्यंत चालते. परत आल्यावर अकरावीला किंवा डिप्लोमाला प्रवेश. म्हणजे बरोबरच्या मुली बारावीत जातील तेव्हा ही अकरावीत बसणार. "माझं कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं होतं, टीचर. हिच्या पाठीवर दोघं आहेत. ही एक वर्ष उशिरा कमावती झाली तर ते वर्ष मला ओढावं लागेल." शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकात हा खर्च कुठेच लिहिलेला नसतो. 'सर्व काही मोफत' म्हणणाऱ्यांनी कंत्राटी कामगाराच्या घरातले एक वर्ष केवढ्याचे असते ते एकदा बसून मोजावे.

आम्ही एवढेच म्हणू शकलो की वर्ष द्यायचेच असेल, तर दहावीनंतरचे देणे सगळ्यात सोपे. अकरावी-बारावीच्या मधे गेले तर दोन अभ्यासक्रमांचा सांधा तुटतो आणि सीईटीची तयारीही मोडते. दहावीनंतर फक्त एक खंड पडतो आणि प्रवेशाच्या वेळी त्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

दुसरा प्रश्न दीनचा. खालाने सुरुवात केली, "तिथं डुकराचं मांस शिजतं, कुत्री घरात फिरतात, पोरगी नमाज कुठं पढणार?" प्रश्न खरे आहेत, पण त्यांतले बरेचसे विचारून सुटणारे आहेत. अर्जात धर्म, खाणेपिणे, ॲलर्जी, पाळीव प्राणी यांबद्दल लिहायला जागा असते. ती संकोचाने मोकळी सोडू नये. "मी पाच वेळा नमाज पढते, डोके झाकते, हलाल नसेल तर मांस खात नाही, अंडी-मासे-भाजी चालते," असे सरळ लिहावे. ज्यांना ते चालणार नाही ते कुटुंब आधीच बाजूला होईल, हे दोघांच्याही भल्याचे. रमजानबद्दल एक गोष्ट सांगितली तेव्हा दादी खूश झाली. सध्या रमजान हिवाळ्याकडे सरकतो आहे. अमेरिकेत फेब्रुवारीचा दिवस लहान असतो, तिथला रोजा आपल्या मे महिन्यातल्या रोजांपेक्षा सोपा जाईल.

हिजाबच्या बाबतीत मात्र कोणता देश, हे पाहावेच लागते. फ्रान्सने 2004 च्या कायद्याने सरकारी शाळांत डोक्यावरचा रुमाल बंद केला आणि 2023 मध्ये अबायाही. तिथे जायचे म्हणजे रोज शाळेच्या दारात रुमाल उतरवायचा. अमेरिकेत उलट घडले. ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावी एका शाळेने सहावीतल्या मुलीला हिजाबवरून घरी पाठवले, तेव्हा खुद्द अमेरिकेचे न्याय खाते मुलीच्या बाजूने उभे राहिले आणि 2004 मध्ये शाळेला माघार घ्यावी लागली. जर्मनीत विद्यार्थिनींना सहसा अडचण येत नाही. 'परदेश' हा एकच देश असल्यासारखे आपण बोलतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

महरमचा प्रश्न यांपेक्षा अवघड. स्त्रीने महरमशिवाय सुमारे 77-78 किलोमीटरच्या पलीकडे प्रवास करू नये, असे हनफी मसलकातले सर्वसाधारण मत आहे. शाफई आणि मालिकी उलमांपैकी काहींनी विश्वासू सोबत आणि वाट सुरक्षित असेल तर हजसारख्या प्रवासाला सवलत दिली आहे, आणि आजचे काही उलमा ती इतर गरजांनाही लावतात. यावर निवाडा देणे आमचे काम नाही. आम्ही वडिलांना सांगितले की सगळा तपशील लिहून मुफ्तीसाहेबांकडे जा, अर्धी गोष्ट सांगून अर्धे उत्तर आणू नका. पण एक गोष्ट मनात आली, ती बोलूनही दाखवली. याच गल्लीतल्या दोन मुली नीटच्या क्लाससाठी लातूरला राहतात. पिंपरीहून लातूर तीनशे किलोमीटरच्या वर आहे. तेव्हा हा मसला कुणी काढला नव्हता. खाला गप्प झाली. वडील मात्र हसले नाहीत. "ते आमचंच चुकलं असेल," एवढेच म्हणाले. त्या माणसाबद्दलचा आमचा आदर तिथे वाढला.

मग मामू बोलले. ते इतका वेळ कोपऱ्यात बसून होते. "ज्यांनी दिलेले बॉम्ब गझ्झातल्या लेकरांवर पडतात, त्यांच्या पैशावर आपली पोरगी पाठवायची?"

घरात शांतता पसरली. आमच्याकडे तयार उत्तर नव्हते, आजही नाही. या कार्यक्रमामागचा हेतू अमेरिकेने कधी लपवलेला नाही. मुस्लिम देशांत आपल्याबद्दल बरे बोलणारी माणसे तयार व्हावीत, असे त्या सरकारला वाटते. हे माहीत असूनच जावे. उत्तर दिले ते मुलीने, पहिल्यांदाच तोंड उघडून. "मामू, त्या वर्गात तीस पोरं बसणार. त्यांनी मुसलमान फक्त टीव्हीवर पाहिलेला असणार. तिथं आपलं कुणी बसलेलं असावं का नसावं?"

मामूंचे समाधान झाले नाही. पण त्यांनी पुढचा प्रश्न तिलाच विचारला, आईबापांना नाही. आमच्या मते त्या दुपारची खरी बैठक तिथून सुरू झाली.

तिच्या उत्तराला एक काळी किनारही आहे, ती आम्ही तिच्यापासून लपवली नाही. 2025 च्या मे महिन्यात अमेरिकेने विद्यार्थी आणि विनिमय व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. जूनमध्ये त्या सुरू झाल्या तेव्हा अर्जदारांनी समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावीत, अशी अट आली. म्हणजे वर्गात बसून बोलण्याआधी आपण घरी बसून काय लिहिले ते तपासले जाणार. त्याच वर्षीच्या सुरुवातीला विनिमय कार्यक्रमांचा निधीही काही काळ अडकला होता. म्हणून कोणत्याही शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्यापूर्वी यंदा ती चालू आहे का, भारतासाठी आहे का, हे संस्थेकडूनच कळवून घ्यावे. एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांबावे.

त्या दिवशी आम्ही दादीला अतिया फैजींची गोष्ट सांगितली. आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत, अतिया आपल्याच लोकांना माहीत नाहीत. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातली ही मुलगी 1906 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेली. तिथून ती जे लिहून पाठवायची ते लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या उर्दू नियतकालिकात छापून यायचे आणि पडद्यातल्या बायका ते वाचायच्या. वर्षभरानंतर तब्येतीने साथ दिली नाही आणि 1907 मध्ये अभ्यासक्रम अर्धवट टाकून ती परतली. हाती प्रमाणपत्र नव्हते. पण ती रोजनिशी 1921 मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तक म्हणून निघाली आणि शंभर वर्षांनंतरही अभ्यासक ती वाचतात. दादीने मधेच विचारले, "म्हणजे पास नाही झाली?" नाही झाली. "मग घरच्यांनी काय केलं?" या प्रश्नाला आम्ही अडखळलो, कारण आमच्याकडे येणारे आईबाप नेमके हेच विचारत असतात. वर्ष घालवून पोर रिकाम्या हाताने आली तर काय? विनिमयाच्या वर्षातून बहुतेक मुले तशीच येतात. एक भाषा पक्की होते, एकट्याने राहायची भीती जाते, दुसऱ्याच्या घरात आपली रीत न सोडता वागता येते. यांपैकी काहीही गुणपत्रिकेवर चढत नाही.

एक कबुलीही देतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्याच हाताखालची एक हुशार मुलगी पंधरा दिवसांच्या परदेशी शिबिरासाठी निवडली गेली होती. घरच्यांनी नकार दिला. आम्ही "त्यांच्या घरातला मामला" म्हणून तोंड बंद ठेवले. ती आता मोशीला राहते, दोन मुलांची आई आहे. भेटली की छान बोलते, त्या शिबिराचा विषय कधी काढत नाही. आम्हीही काढत नाही.

म्हणून या वेळी मत द्यायचे ठरवले, आणि दिले. मुलगी हट्टाने नव्हे तर विचाराने जात असेल, दहावीनंतर जात असेल, आणि घर एक वर्षाचा उशीर सोसू शकत असेल, तर पाठवा. यांतले तिसरे कलम आम्हाला तपासता येत नाही. ते वडिलांनीच सांगायचे. आणि एकदा 'हो' म्हटले की तिच्यावर नवस-सायासाचे ओझे नको. ती तिथे रडेल. पहिले दोन महिने बहुतेक मुले रडतात म्हणे. तेव्हा रोज रात्री व्हिडिओ कॉल करून आईनेही रडू नये.

मशवरा झाल्यावर घरच्यांनी इस्तिखारा केला. काहींना वाटते की इस्तिखारा म्हणजे स्वप्नात हिरवा किंवा लाल रंग दिसण्याची वाट पाहणे. आईलाही तसेच वाटत होते, तिला तीन रात्री काहीच दिसले नाही आणि ती घाबरून आमच्याकडे आली. माहिती काढायची, जाणत्यांना विचारायचे, दोन रकात पढून अल्लाहकडे भल्याची दुआ करायची आणि ज्या बाजूला पाऊल सहज पडेल तिकडे चालायचे. स्वप्नाची अट कुठे आहे?

पुढच्या गुरुवारी वडील कागद घेऊन पुन्हा आले. मुफ्तीसाहेबांनी मसला सांगितला होता, सवलतीचे मतही सांगितले होते आणि जबाबदारी बापावर ठेवली होती. सही झालेली होती, तारखेला एक दिवस बाकी होता. निवड होईल की नाही ते अल्लाह जाणे. अजून निबंध आहेत, मुलाखती आहेत, आणि त्यांच्या मधोमध दहावीची परीक्षा.

त्यांच्याबरोबर दादीही आली होती. तिला एकच विचारायचे होते: तिथे किबला कोणत्या बाजूला? आयुष्यभर ती मावळतीकडे तोंड करून उभी राहिली आहे. नातीने वर्गातला पृथ्वीचा गोल उचलून आणला, मक्केपासून अमेरिकेपर्यंत दोरा ताणला आणि बोट फिरवून दाखवले. "दादी, तिथून ईशान्येकडं."

"म्हणजे उगवतीकडं?"

"जवळजवळ."

दादी बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा दोरा बरोबर घेऊन जा."